अकरा शेख आणि एक हिरवा रंग

दहावीची प्री-लिस्ट आली की मी ती छापून वर्गात घेऊन जाते. प्रत्येकाने आपलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय वाचायचे आणि समोर सही करायची. मुलांना या सहीची फार मजा वाटते. आयुष्यातली पहिली सही असते. कोणी उर्दूत करतो, कोणी इंग्रजीत शेपूट काढून. वाचत मात्र कोणी नाही.

या वेळी एका मुलीने वाचलं. पेन हातात धरून ती तशीच उभी राहिली. मराठीचा तास होता म्हणून मराठीतच म्हणाली, "टीचर, हे माझं नाव नाही."

मी पाहिलं. नाव तिचंच होतं, वडिलांचं नावही बरोबर होतं. "अगं, तुझंच तर आहे," मी म्हणाले. तिने आडनावावर बोट ठेवलं. "आमचं शेख असं नाही लिहीत. आमच्यात 'ए-आय' नाही, नुसता 'ई' आहे."

यादीत एस-एच-ए-आय-के-एच होतं. तिच्या आधारवर, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि तिच्या अब्बांच्या रेशनकार्डावर एस-एच-ई-के-एच आहे. मला हे माहीत होतं, कारण दोन महिन्यांपूर्वी मीच ते तपासलं होतं आणि शीटमध्ये तिच्या आडनावाचा सेल पिवळा केला होता. पिवळा म्हणजे 'स्पेलिंग वेगळं आहे, कागद पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका'.

तास संपल्यावर ऑफिसात जाऊन शीट उघडली. तिचा सेल हिरवा होता. वरचाही हिरवा, खालचाही हिरवा. अकराच्या अकरा शेख हिरवे!

ज्यांना शाळेतलं कामकाज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आजकाल शिक्षकाच्या हातात खडूपेक्षा लिंक जास्त असते. सकाळी ग्रुपवर लिंक येते, 'दुपारी १२ पर्यंत माहिती भरा'. मग वर्गशिक्षक, क्लार्कसाहेब, हेडसर असे सगळे एकाच शीटमध्ये एकाच वेळी शिरतात. कोणी मोबाइलवरून, कोणी लॅबमधल्या कॉम्प्युटरवरून. दहावीच्या फॉर्मसाठी आम्ही अशीच एक शीट केली होती. रंगांची पद्धत मी ठरवली आणि स्टाफरूममध्ये सांगितली. पिवळा म्हणजे तपासायचं आहे. गुलाबी म्हणजे पालकांना बोलावायचं आहे. हिरवा म्हणजे झालं, आता हात लावू नका.

मला वाटलं, याहून सोपं काय असणार? सिग्नल तर रस्त्यावरच्या पोरालाही कळतो.

झालं होतं असं. यादी आडनावाप्रमाणे लावलेली, त्यामुळे सगळे शेख एकाखाली एक. आमच्या एका सहकाऱ्यांनी पाहिलं की कोणाचं शेख एका स्पेलिंगने आहे, कोणाचं दुसऱ्या, कोणाचं तिसऱ्या. त्यांना वाटलं, टाइप करणाऱ्याने घोळ घातलाय. माणूस मदतीचा. सर्वात वरचा शेख बरोबर दिसला, तो सेल धरला, कोपऱ्यातला ठिपका पकडून खाली ओढला. एका झटक्यात अकरा ओळी एकसारख्या.

असं ओढताना फक्त अक्षरं खाली जात नाहीत. सेलचा रंग, अक्षराची जाडी, कडेच्या रेषा, सगळं सोबत जातं. वरचा शेख हिरवा होता, कारण त्याचं काम खरंच झालं होतं. त्याचा हिरवा रंग खालच्या दहा जणांवर पसरला. माझा पिवळा त्याखाली गेला. क्लार्कसाहेबांनी हिरवा पाहिला आणि फॉर्म भरले. त्यांची काय चूक? हिरवा म्हणजे झालं, हे मीच सांगितलं होतं.

त्या सेलवर राइट क्लिक करून मी जुनी नोंद पाहिली. गुगल शीट्समध्ये एखाद्या सेलमधला मजकूर कोणी, कधी बदलला ते दिसतं. तिथे जुनं आडनाव होतं, नवं आडनाव होतं, तारीख होती. रंग कधी बदलला, कोणी बदलला, त्याचा एक शब्दही नव्हता. सेलच्या त्या इतिहासात फॉरमॅटिंगचे बदल धरलेच जात नाहीत. संपूर्ण फाइलची जुनी आवृत्ती उघडली तेव्हा कुठे माझा पिवळा डोळ्यांना दिसला. तोवर मला स्वतःवरच शंका येऊ लागली होती की आपण रंग दिलाच नव्हता की काय.

खरं म्हणजे हा धडा मला आधीच मिळायला हवा होता.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बऱ्याच शाळांची मिळून एक शीट फिरत होती, पाठ्यपुस्तकांच्या मागणीची. शाळेचं नाव, इयत्ता, पटसंख्या एवढेच कॉलम. माध्यमाचा कॉलम नव्हता. बहुतेक शाळा मराठी माध्यमाच्या, उर्दूच्या मोजक्याच. मग ज्याने शीट बनवली त्याने उर्दू शाळांच्या ओळी हिरव्या केल्या. यावर आमच्या स्टाफरूममध्ये हसणं झालं. एकजण म्हणाले, "हिरवा दिला म्हणजे आपण ओळखीचे झालो." मीही हसले. कोणाच्या मनात वाईट होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पटकन सापडावं म्हणून त्याने रंग दिला असेल.

पण ती शीट पुढे गेली ती रंगांसकट गेली नाही. एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत माहिती टाकताना बहुधा सीएसव्ही नावाची फाइल करतात. त्या फाइलमध्ये फक्त मजकूर असतो आणि मध्ये स्वल्पविराम. रंग, जाड अक्षरं, सेलला चिकटवलेली टीप, जोडून मोठे केलेले सेल, यातलं काहीच तिच्यात बसत नाही. आणि रंग शाबूत राहिला असता तरी बेरीज करणाऱ्या सूत्राला तो दिसला नसता. एक्सेल असो वा गुगल शीट्स, 'हिरव्या ओळी किती ते मोज' असं सांगणारं साधं, तयार सूत्र दोन्हींत नाही. रंगाने गाळणी लावता येते, रंगाप्रमाणे ओळी वरखाली करता येतात. सूत्र मात्र सेलमध्ये काय लिहिलंय तेवढंच वाचतं.

त्या वर्षी आमच्या शाळेत पुस्तकांचे गठ्ठे आले ते मराठी माध्यमाचे. उर्दूची पुस्तकं नंतर आली. तोवर मुलं मागच्या वर्षीच्या फाटक्या पुस्तकांवर शिकली. कोणी आम्हाला मुद्दाम वगळलं नव्हतं. आम्ही त्या कागदावर रंग म्हणून होतो, नोंद म्हणून नव्हतो. तेव्हा मी दोन दिवस चिडले, तावातावाने बोलले. पुढे माझी स्वतःची शीट बनवायची वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. कॉलम केला नाही, रंग दिला.

उर्दूचा विषय निघालाच आहे तर अजून एक गंमत सांगते.

एकदा हौसेने मी उर्दू निबंधस्पर्धेच्या यादीसाठी शीट केली. उर्दू उजवीकडून डावीकडे, मग शीटही तशीच हवी. तशी सोय असते. पहिला कॉलम उजव्या हाताला येतो आणि पुढचे डावीकडे सरकतात. मी ती चालू केली. पाच मिनिटांत फोन. गणिताचे सर म्हणत होते, "मॅडम, माझी शीट उलटी झाली, व्हायरस आला वाटतं." क्लार्कसाहेबांचीही उलटी. मला वाटलं होतं, मी माझ्यापुरतं पान फिरवलंय. पण दिशा हा त्या पानाचा गुण आहे, पाहणाऱ्याचा नाही. एकाने फिरवली की सगळ्यांची फिरते.

नस्तालिकचा प्रश्न त्याहून नाजूक. आमची लिपी ओळीत सरळ बसत नाही. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि उतरत उतरत डावीकडे खाली येतो. त्याला उंची लागते. शीटची ओळ मात्र बुटकी, छापील अंकांच्या मापाची. 'नोटो नस्तालिक उर्दू' हा फॉन्ट लावला की शब्दाचं डोकं तरी कापलं जातं नाहीतर पाय तरी. ओळी उंच केल्या तर बाकीचे कुरकुरतात, कारण त्यांना एका स्क्रीनवर निम्मीच नावं दिसतात. शेवटी मी साधा नस्ख वळणाचा फॉन्ट ठेवला. वाचता येतं, पण उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते परकं वाटतं.

आणि दिसणं फसवतं कसं पाहा. उर्दूतली 'ये' आणि अरबी कीबोर्डवरची 'ये' शब्दाच्या मध्ये अगदी सारख्या दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. 'काफ'चंही तसंच. माझ्या मोबाइलवर लिहिलेलं नाव आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर लिहिलेलं तेच नाव डोळ्यांना एक दिसतं, शोधायला गेलं तर सापडत नाही. देवनागरीतही 'ज'खाली नुक्ता देण्याचे दोन मार्ग आहेत. एकात एकच अक्षर साठवलं जातं, दुसऱ्यात 'ज' आणि नुक्ता असे दोन. दिसायला दोन्ही ज़.

तारखांचंही असंच. माझी जन्मतारीख कागदोपत्री १ जून. अम्मी म्हणते, तू पावसाळा सरता सरता झालीस. पण आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाचा जन्म १ जूनला लावला, त्यात मीही. एका सामायिक यादीत मी ०१/०६ टाकलं आणि पुढच्या वेळी पाहिलं तर मी ६ जानेवारीला जन्मलेले. त्या फाइलची मांडणी अमेरिकन होती. तिथे महिना आधी, दिवस नंतर. ही मांडणीही संपूर्ण फाइलची असते, प्रत्येकाची वेगळी नाही. ज्यांची तारीख १२ च्या पुढची होती त्यांचं मात्र काही बिघडलं नाही, कारण तेरावा महिना नसल्याने शीटने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे टेकवून ठेवली. म्हणजे चुकलेल्या तारखा नीटनेटक्या उजवीकडे आणि बरोबर असलेल्या तारखा डावीकडे अवघडून उभ्या! सगळ्या एका रांगेत दिसाव्यात म्हणून कोणीतरी पूर्ण कॉलम मधोमध केला. चूक ओळखायची तेवढी एक खूणही गेली.

मुलांच्या बँक खात्यांचं तर विचारूच नका. शीटमध्ये आकडा १५ अंकांपर्यंतच नेमका राहतो. खातं १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि खात्याच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते गळून पडतं. नंतर फॉरमॅट बदलून 'प्लेन टेक्स्ट' केलं तरी गेलेला अंक परत येत नाही. ते आधी करायचं असतं, आकडा लिहिण्यापूर्वी. शिष्यवृत्ती का आली नाही म्हणून एखादी आई महिनोन्‌महिने बँकेच्या चकरा मारते. तिला कोण सांगणार, की तुझ्या मुलाच्या खात्याचा शेवटचा अंक एका सेलमध्ये पुसला गेला?

जुन्या एक्सेलमध्ये 'शेअर्ड वर्कबुक' म्हणून प्रकार होता. फाइल शेअर केली की बरीच दारं बंद व्हायची. सेल जोडता येत नसत, अटीनुसार रंग बदलण्याचे नवे नियम घालता येत नसत, शीटचं कुलूप लावता-काढता येत नसे. तेव्हा आम्ही वैतागायचो. आता वाटतं, त्यात एक शहाणपण होतं. रूप काय ठेवायचं ते आधी ठरवा, मग चार जणांना आत घ्या. आता दारं उघडी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात रंगाचा डबा आहे.

त्या दिवशी दुपारी मी पुन्हा वर्गात गेले. अकरा शेखांपैकी आणखी एकाचं आडनाव त्या ओढाओढीत बदललं होतं. तो मुलगा सही करून मोकळा झाला होता. त्याला बोलावून म्हटलं, "वाच." त्याने वाचलं, हसला आणि म्हणाला, "टीचर, शेख तो शेख है ना?"

त्याला काय उत्तर द्यायचं? बोलायला शेख ते शेखच. अरबीतून आलेला शब्द, इंग्रजीत लिहिताना ज्याच्या कानाला जसा लागला तसा त्याने लिहिला. कोणाच्या आजोबांना मुंबईच्या गिरणीत बाबूने लिहून दिलं, कोणाच्या वडिलांना तलाठ्याने, कोणाला माझ्यासारख्या शिक्षकाने. यातलं एकही स्पेलिंग चूक नाही. पण दहावीचं प्रमाणपत्र हा आपल्याकडे पुढच्या सगळ्या कागदांचा पाया. पासपोर्ट, कॉलेज, नोकरी, जिथे जाल तिथे पहिला कागद तोच मागतात.

आणि आमच्या मोहल्ल्यात अक्षर चुकण्याची भीती निराळी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ३१ ऑगस्ट २०१९ ला आसामच्या एनआरसीची अंतिम यादी आली आणि १९ लाखांहून जास्त माणसं तिच्याबाहेर राहिली. तिथे कागदांतल्या नावांच्या फरकामुळे माणसं कशी अडकली ते लोकांनी वाचलं, ऐकलं. त्या हिवाळ्यात माझ्या घरी शेजारपाजारच्या बायका प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कागद घेऊन यायच्या. "टीचर, जरा देखो, सब जगह एकही नाम है ना?" मी जेवणाच्या ताटाशेजारी बसून त्यांचे कागद जुळवले आहेत. एका खालाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हांनी होतं. ती मला विचारत होती, यातली मी कोणती?

त्या खालाची आठवण असूनही मी एका मुलीचं नाव पिवळ्या रंगाच्या भरवशावर सोडलं होतं.

सहकाऱ्यांशी बोलले. ते खरंच ओशाळले. म्हणाले, "मला वाटलं मी नीट करतोय." मी म्हणाले, "चूक माझी आहे. 'हे असंच आहे' हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं." प्री-लिस्टवर लाल पेनाने दोन्ही दुरुस्त्या केल्या, सोबत आधारच्या आणि जनरल रजिस्टरच्या प्रती ठेवल्या, क्लार्कसाहेबांनी मुदतीच्या आत त्या भरल्या. वाचलो.

आता आमच्या शीटमध्ये 'स्थिती' नावाचा कॉलम आहे. त्यात तीनच शब्द चालतात, यादीतून निवडायचे: तपासायचे, पालक, झाले. रंग अजून आहेत, कारण डोळ्यांना ते बरे पडतात. पण ते या शब्दांवरून आपोआप येतात. शब्द बदलला की रंग बदलतो. रंग पुसला गेला तरी शब्द राहतो, आणि शब्द मोजता येतो. आधारवरच्या आडनावाच्या कॉलमला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आणि क्लार्कसाहेबांकडे. तारीख, खाते क्रमांक हे कॉलम आधीच प्लेन टेक्स्ट केलेले. बाहेरून काही चिकटवायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही, म्हणजे नुसता मजकूर येतो, त्याचं सामान येत नाही. गाळणी लावायची तर 'फिल्टर व्ह्यू', नाहीतर एकाने आपला वर्ग पाहिला की बाकीच्यांची मुलं गायब होतात आणि ग्रुपवर रडारड सुरू होते. पुस्तकांच्या मागणीची शीट यंदा आली तेव्हा तिच्यात अजूनही माध्यमाचा कॉलम नव्हता. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "कशाला? रंग दिलाय की." मी त्यांना मराठीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत कॉलम आला.

दुरुस्त यादी आली तेव्हा मी ती पुन्हा वर्गात नेली. त्या मुलीने आधी आडनाव वाचलं, मग आपलं नाव, मग अब्बांचं, मग आईचं. जन्मतारीख वाचली. विषय बोटाने मोजले. मागची मुलं घाई करत होती. मी त्यांना म्हणाले, "थांबा. ती वाचतेय."

मग तिने सही केली. उर्दूत केली, उजवीकडून डावीकडे. ती चौकटीच्या थोडी बाहेर गेली.